पांढरी एकवाल्यांना वीज मंडळाचा पंचम

मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा लागतो, बंगळुरूच्या तंबोऱ्याला प्लग. बासरी वाजवणारे इंजिनिअर जी. राज नारायण यांच्या ‘रॅडेल’ने तंबोरा आणि तबला डब्यात बसवले, आणि गाण्याच्या क्लासांत ते डबे हां हां म्हणता रुळले. आता घरोघरी कॉम्प्युटरवर स्टुडिओ थाटले जातात. असला डबा त्याला जोडून बघा, गंमत आहे.

वायर खोचली की कधी कधी तंबोऱ्याआधी ‘घूंऽऽ’ ऐकू येतं. ही आपल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर. दोन यंत्रांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटांनी गेलं की ती आवाजात शिरते. पण ती बेसूर आहे का? थोडीशीच! पेटीवरची पाचवी पांढरी, म्हणजे ‘पांढरी पाच’, खर्जात 49 हर्ट्झला येते, म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्याला वीज मंडळ फुकटात पंचम देतं, जरासा चढा. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झची. तिथली घरघर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या जवळजवळ मधोमध, कुठल्याच पट्टीला धार्जिणी नाही. उपाय साधा: सगळे प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. अर्थची पिन काढायचा उद्योग मात्र करू नका, शॉक बसेल.

पुढची भानगड उशिराची. कॉम्प्युटर आवाज मुठीमुठीने उचलतो. सेकंदाला 44,100 नमुने आणि मूठ 128 नमुन्यांची धरली, तर एका मुठीला जेमतेम 3 मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात हवेतून आवाज एक मीटर जातो. मूठ 512 ची केलीत, तर वादक चार मीटर मागे सरकून बसल्यासारखा. तंबोऱ्याचं यात काही बिघडत नाही, त्याला कुठे समेवर यायचंय? तबल्याच्या डब्याला मात्र यायचंय. म्हणून क्यूबेससारखी ध्वनिमुद्रणाची सॉफ्टवेअर बाहेरच्या यंत्राकडे एक ‘टक्’ पाठवतात, ती परत यायला किती वेळ लागला ते मोजतात आणि तेवढा उशीर आपणच भरून काढतात.

उशीर वायरीतही होतो. कीबोर्ड जोडणाऱ्या जुन्या गोल मिडी प्लगला पाच पिना असतात. कामाच्या तीनच! आणि त्यातून निरोप जातात एकामागून एक, सुमारे एक मिलिसेकंदाला एक. सहा पट्ट्या एकदम दाबल्यात असं तुम्हाला वाटतं, पण वायरीतून त्या रांगेनेच जातात.

मिडी आलं 1983 साली. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत वादक चरणजित सिंग यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर दहा रागांची डिस्को रेकॉर्ड मुद्रित केली होती. या दोन्ही यंत्रांनाही तोच पाच पिनांचा गोल प्लग. मिडीची वायर त्यात बिनबोभाट बसते, पण एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळत नाही.