चौतीस सेंटिमीटर

मावसबहिणीला साडी नेसवताना तिच्या खांद्यांवरच्या खाचा दिसल्या. ब्राच्या पट्ट्यांनी पडलेल्या, बोट टेकेल इतक्या खोल. "जुन्या आहेत गं," म्हणत तिनं पदर ओढून घेतला. त्या खाचांपायी मी पुण्यातल्या एका प्लास्टिक सर्जनच्या ओपीडीत, आलेल्या बायकांची परवानगी घेऊन, दोन दिवस बसले.

पहिल्या आल्या त्या शाळेत शिकवणाऱ्या बाई. त्यांच्याबरोबर घामोळ्यांच्या पावडरचा वास आत आला. उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटते, म्हणून त्या तिथे सुती रुमालाच्या घड्या ठेवतात. फळ्यावर लिहिताना मान आखडते. डॉक्टरांनी त्यांना आरशासमोर उभं केलं. झोपवून मोजत नाहीत. आडवं झालं की स्तन काखेकडे सरकतात आणि मापं चुकतात. गळ्याखालच्या खड्ड्यापासून स्तनाग्रापर्यंत टेप धरली. सिस्टरनी आकडा वाचला, "चौतीस." एरवी हे अंतर २१ सेंटिमीटरच्या आसपास धरतात.

"चौतीस," बाई स्वतःशी म्हणाल्या. इतकी वर्षं 'अंगानं भरलेली' एवढंच ऐकत आलेल्या त्या.

डॉक्टरांनी जांभळ्या पेनानं स्तनाग्राची नवी जागा दाखवली. "इतकं वर?" बाईंचा हात आपोआप तिथे गेला. स्तन लहान करण्याच्या या शस्त्रक्रियेत स्तनाग्र सहसा तोडत नाहीत, रक्त पोचवणाऱ्या पट्ट्यासकट वर सरकवतात. व्रण जहाजाच्या नांगराच्या आकाराचा राहतो. स्तनाग्राची संवेदना कमी होऊ शकते, पुढे अंगावर पाजणं जमेलच असं नाही. काढलेला भाग दोन्ही बाजूंचा वेगवेगळा तोलतात आणि तपासणीला पाठवतात. डॉक्टर यातलं काहीच गोड करून सांगत नव्हते, आणि बाई मान डोलवत होत्या.

दुपारी बावीस वर्षांची एक मुलगी मोबाइलमधला फोटो घेऊन आली. तिला आकार वाढवून हवा होता. सिस्टरनी सिलिकॉनचं इम्प्लांट तिच्या तळहातावर ठेवलं. स्वतःची चरबी भरता येते, पण तिच्या पोटावर ती नव्हतीच, आणि भरलेल्यातली काही शरीर जिरवून टाकतं. स्तन नुसते वर उचलून घेण्याची शस्त्रक्रिया तिच्या कामाची नव्हती. "ताई, हे जन्मभराचं नाही," डॉक्टर म्हणाले. भोवतीचं आवरण कडक होऊ शकतं, इम्प्लांट फुटलं तरी अनेकदा कळत नाही. म्हणून अमेरिकेची एफडीए तक्रार नसतानाही पाच-सहा वर्षांनी पहिली एमआरआय किंवा सोनोग्राफी, मग दर दोन-तीन वर्षांनी तपासणी करायला सांगते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटचा संबंध लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी जुळला, आणि २०१९ साली ॲलर्गन कंपनीनं ती जगभरातून परत घेतली. मुलगी "आईशी बोलून येते" म्हणाली. मला हायसं वाटलं, हे कबूल करते.

सिलिकॉनचं पहिलं स्तन-इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनमध्ये टिमी जीन लिंडसी या बाईंना बसवलं. त्या दवाखान्यात गेल्या होत्या छातीवरचं गोंदण काढून घ्यायला. आकार वाढवण्याचा विचार डॉक्टरांनी पुढे केला. ही हकीकत मला त्या खोलीत सारखी आठवत राहिली. शिक्षिकाबाईंना मात्र काहीही सुचवावं लागलं नव्हतं. वास, रुमाल, मान, चौतीस.

दुसऱ्या दिवशी त्या विम्याचे कागद घेऊन परत आल्या. आपल्याकडच्या पॉलिसींमध्ये कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना किंवा डॉक्टरांनी प्रमाणित केलेली वैद्यकीय निकड असेल तरच दार उघडतं. बाईंच्या अर्जावर एजंटानं पेन्सिलीनं 'सौंदर्य' असं लिहून ठेवलं होतं. रुमालाच्या घड्या ठेवून जगणाऱ्या बाईच्या दुखण्याला तो शब्द लावलेला पाहून माझा संताप झाला.

डॉक्टर प्रमाणपत्र लिहायला बसले. खांद्यांच्या खाचा, मानेचं दुखणं, कातडीचा संसर्ग. बाई टेबलावर ओणवून वाचत होत्या.

"डॉक्टर, तो चौतीस आकडाही घाला," त्या म्हणाल्या. "जरा मोठ्या अक्षरात."