‘थट्टा होती हो, मनावर काय घेता!’

16 नोव्हेंबर 2021 रोजी ब्रिटनच्या संसदेतील एका समितीपुढे तीस वर्षांचा एक क्रिकेटपटू साक्ष द्यायला बसला आणि बोलता बोलता त्याला रडू कोसळले. नाव अझीम रफीक. जन्म कराचीचा, दहा वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर इंग्लंडमधील बार्न्सलीला आला. ऑफस्पिन गोलंदाजीच्या जोरावर इंग्लंडच्या 19 वर्षांखालील संघाचा कर्णधार झाला आणि 2012 मध्ये, एकविसाव्या वर्षी, यॉर्कशायरच्या ट्वेंटी-20 संघाचे नेतृत्व त्याच्याकडे आले. आपल्यापैकी कुणाच्या मुलाने एवढे मिळवले असते तर मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली असती. त्याच मुलाने समितीला सांगितले की या क्लबमधील दिवसांत त्याच्या मनात आत्महत्येचे विचार येत होते.

यॉर्कशायर हा क्लब मराठी वाचकाला परका नाही. केवळ आपल्या परगण्यात जन्मलेल्यांनाच खेळवायचे, हा त्यांचा जुना हट्ट. तो 1992 मध्ये सुटला आणि पहिला परदेशी खेळाडू म्हणून त्यांनी घेतला तो मुंबईचा एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर. तिथली चपटी टोपी डोक्यावर आणि बिअरचा मोठा ग्लास हातात, असे त्याचे स्वागताचे छायाचित्र बरेच गाजले. टोपी आणि ग्लास! आमच्यात आलास तर हे दोन्ही घे, असेच जणू त्या क्लबने सांगून टाकले होते.

या ग्लासाची गोष्ट अझीमच्या साक्षीत फार कडवट झाली आहे. तो पंधरा वर्षांचा असताना स्थानिक क्लबमध्ये एका मोठ्या खेळाडूने त्याला धरून ठेवले आणि त्याच्या घशात लाल वाइन ओतली. पुढे कित्येक वर्षे त्याने दारूला हात लावला नाही. मग 2012 च्या सुमारास, आपण यांच्यातलेच आहोत हे दाखवण्यासाठी, तोही पिऊ लागला. मुसलमान म्हणून त्या दिवसांचा आपल्याला अभिमान नाही, असे तो स्वतःच सांगतो. आणि ज्या दिवशी मिसळण्याची ही धडपड सोडली, त्या दिवसापासून आपण परके ठरलो, असेही.

बाकीचे सगळे ‘थट्टे’च्या नावाखाली. पाकिस्तानी या शब्दाचे तोडलेले, शिवीसारखे रूप ड्रेसिंग रूममध्ये सर्रास वापरले जाई. सत्तरच्या दशकात ब्रिटनच्या रस्त्यांवर गोऱ्या टोळ्या आशियाई लोकांना मारहाण करत, तेव्हा त्यांच्या तोंडी हाच शब्द असे. मार खाणारा गुजरातचा की सिल्हेटचा, हे कुणी विचारत नव्हते. सावळ्या माणसांना सरसकट ‘केविन’ म्हटले जाई. चेतेश्वर पुजारा तिथे खेळायला गेला, तर त्याचे नाव उच्चारता येत नाही म्हणून तो ‘स्टीव्ह’ झाला. नाव आईबाप विचार करून ठेवतात, अकीक्याला चार लोकांत जाहीर करतात. ते उच्चारायला जीभ थोडी वळवण्याचे कष्टसुद्धा घ्यायचे नाहीत, यात गंमत कुठे आली?

अझीमला मृत बाळ झाले, त्या काळात क्लबची वागणूक अमानुष होती, असे त्याने समितीला सांगितले. यावर अधिक काय लिहावे!

2020 मध्ये तो उघड बोलला, तेव्हा क्लबने चौकशी लावली. 43 आरोपांपैकी सात मान्य झाले. त्याचा वांशिक छळ झाला हे क्लबने कबूल केले आणि ऑक्टोबर 2021 मध्ये वर जाहीर केले की कुणावरही कारवाई होणार नाही. ती शिवी म्हणजे मित्रांमधली थट्टा होती, असे चौकशी करणाऱ्यांचे मत पडल्याचे उघडकीस आले आणि मग मात्र भडका उडाला. प्रायोजक पाठोपाठ निघून गेले, अध्यक्षांनी राजीनामा दिला, आंतरराष्ट्रीय सामने काढून घेतले गेले. पुढे 2023 मध्ये क्लबला चार लाख पौंड दंड झाला आणि काउंटी स्पर्धेतले 48 गुण कापले गेले. प्रायोजक हलले नसते तर हे घडले असते का, ही शंका आम्हाला अजून आहे. सगळेच आरोप टिकले नाहीत, हेही सांगायला हवे. मायकेल वॉनवरचा आरोप शिस्तपालन समितीपुढे सिद्ध झाला नाही.

साक्षीच्याच आठवड्यात एक जुने छायाचित्र बाहेर आले. इंग्लंडचा फलंदाज अ‍ॅलेक्स हेल्स 2009 च्या एका पार्टीत तोंडाला काळा रंग फासून टुपॅक या कृष्णवर्णीय गायकाच्या वेषात गेला होता. त्याने माफी मागितली, तो गायक आपला आवडता होता असेही सांगितले. असेल. पण तोंड काळे करण्याचा इतिहास प्रेमाचा नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी फासून गुलामांची नक्कल करत आणि प्रेक्षक हसून लोटपोट होत. ब्रिटनमध्ये बीबीसीने असाच कार्यक्रम 1958 पासून 1978 पर्यंत दाखवला. घरोघरी चहा पिता पिता पाहिलेली ती ‘करमणूक’ मुलांच्या अंगवळणी पडली नसती तरच नवल.

या साऱ्याला तिकडे ‘लॅड कल्चर’ म्हणतात. पोरांची टोळी, दारू, अचकटविचकट विनोद आणि जो हसणार नाही तो बाहेरचा. यात रंगाची थट्टा आणि बाईची थट्टा शेजारी शेजारी बसतात. 2014 मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पुरुष रग्बी क्लबने नव्या विद्यार्थ्यांना वाटलेल्या पत्रकात मुलींविषयी इतके घाणेरडे लिहिले होते की विद्यार्थी संघटनेने तो क्लबच बरखास्त केला. इंग्लंडच्या क्रिकेटची तपासणी करणाऱ्या स्वतंत्र आयोगाने जून 2023 मध्ये वंश, वर्ग आणि स्त्री असणे या तिन्हींवरून होणारा भेदभाव सर्वत्र पसरल्याचे नोंदवले. आयोगाकडे अनुभव मांडणाऱ्यांपैकी पाकिस्तानी व बांगलादेशी वंशाच्या 87 टक्के आणि भारतीय वंशाच्या 82 टक्के लोकांनी आपल्याशी भेदभाव झाल्याचे सांगितले.

इथवर वाचून ‘गोरे असेच’ म्हणत मासिक मिटण्याचा मोह होईल. पण त्याच आठवड्यात अझीमचे 2011 मधले संदेशही बाहेर आले, ज्यांत त्याने ज्यूंची टवाळी केली होती. त्याने सबबी न सांगता माफी मागितली. ज्याला टोचले, त्याच्याही हातात टोचणी होतीच.

सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची टर उडवण्याला आणि वाईट नावे पाडण्याला स्पष्ट मनाई आहे, आणि तिथे स्त्रियांचा उल्लेख वेगळा केला आहे. हजरत अबू जर (रजि.) यांनी एका व्यक्तीला (अनेकांच्या मते हजरत बिलाल यांना) आईवरून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सांगितले की तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश उरला आहे. हे आपल्या मुलांना मदरशात पाठ असते. मग रमजानच्या रात्री मैदानात टेनिस बॉलचे सामने रंगतात, तेव्हा सावळ्या पोराला ‘काळ्या’ आणि झेल सोडणाऱ्याला ‘बायकी’ कोण म्हणते? शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलाला काजळ फासून, पाने गुंडाळून ‘आदिवासी’ कोण बनवते? तो वेष आपण घरीच शिवतो आणि फोटो काढून नातेवाइकांना पाठवतो.

कोकणातल्या कितीतरी घरांची मुले आज ब्रिटनमध्ये वाढत आहेत, शनिवार-रविवारी क्लबात खेळत आहेत. तिथे सामन्यानंतरची बैठक बहुधा बारमध्येच असते. तिकडच्या आशियाई खेळाडूंनी स्वतःच्या वेगळ्या लीगही काढल्या, पण काउंटीची वाट मुख्य क्लबांतूनच जाते. म्हणून फोनवर नातवाला ‘किती धावा केल्यास?’ विचारताना, ‘संघात तुला कोणत्या नावाने हाक मारतात रे?’ हेही विचारावे. अझीमचे घरचे तर जवळच होते, आणि तरी त्याचा पहिला उघड शब्द 2020 मध्ये आला. 2022 च्या अखेरीस त्याने समितीला सांगितले की धमक्यांपायी त्याला कुटुंबासह देश सोडावा लागला आहे.