झेब्रा प्लांट का कुजतो? बहुतेकदा कारण असतं जास्तीचं पाणी

नर्सरीतून आणलेला झेब्रा प्लांट सुरुवातीला छान दिसतो. मग खालची पानं पिवळट आणि मऊ पडू लागतात. पाणी कमी पडत असावं असं वाटून अनेक जण आणखी पाणी घालतात आणि तिथेच रोप हातचं जातं.

झेब्रा प्लांट म्हणजे हवॉर्थिया. टोकदार हिरव्या पानांवर पांढरे आडवे पट्टे आणि फुलाच्या पाकळ्यांसारखी गोलाकार मांडणी. हे रोप मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं, पण कोरफडीच्याच कुळातलं. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी पट्टेवाल्या जातींना 'हवॉर्थियॉप्सिस' या वेगळ्या गटात टाकलं. नर्सरीत मात्र जुनंच नाव चालतं.

तिकडे ही रोपं झुडपांच्या सावलीत, दगडांच्या आडोशाला वाढतात. पाऊस थोडा, त्यामुळे पाण्याचा साठा पानांत. पानांवरची सूक्ष्म छिद्रंही मुख्यतः रात्री उघडतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. अशा रोपाची मुळं सतत ओल्या मातीत राहिली, तर त्यांना हवा मिळत नाही, बुरशी धरते आणि ती कुजतात.

मग रोप तहानलेलं आहे की कुजतंय, हे ओळखायचं कसं? पानं पातळ, सुरकुतलेली आणि माती कोरडी असेल तर तहान. पानं मऊ, पिवळी, बुंध्याशी चिकचिकीत असतील तर कूज. फसवणारा प्रकार तिसरा: पानं सुरकुतलेली, पण माती ओली. याचा अर्थ बहुधा मुळंच गेली आहेत, पाणी शोषणार कोण? असं रोप उपटून काळी मुळं कापावीत, तीन-चार दिवस सावलीत वाळवावं, कोरड्या मातीत लावावं आणि आठवडाभराने थोडं पाणी द्यावं.

नर्सरीतली रोपं बऱ्याचदा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात. ते ओल धरून ठेवतं, म्हणून घरी आणल्यावर माती बदललेली बरी. निम्मी माती, निम्मी जाड वाळू किंवा विटेचे बारीक तुकडे. कुंडीला भोक हवंच. काचेच्या बंद भांड्यात ती कितीही गोड दिसली, तरी तिथे लावू नयेत.

पाण्याला ठरावीक वार नको. बोट खुपसून माती तळापर्यंत सुकली असेल तरच भरपूर घालावं आणि खालची ताटली रिकामी करावी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन-तीन आठवडे पाणी न घालताही चालतं. कुंडी मात्र पावसाच्या माऱ्यातून आत घ्यावी. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारच्या उन्हात पानं लालसर-तपकिरी पडतात.

घरात मांजर असेल तरी चिंता नाही. कोरफड मांजरांना बाधते, हवॉर्थिया नाही. बुंध्याशी पिल्लं येतात, ती मुळांसकट अलगद सोडवून दुसऱ्या कुंडीत लावता येतात.