रूट केलेला फोन आणि अपडेट

जुईनगरच्या अनेक घरांत मुलांच्या अभ्यासाचा आणि आईबाबांच्या यूपीआयचा फोन एकच असतो. तो रूट केलेला, म्हणजे सिस्टीम बदलायची पूर्ण मुभा घेतलेला असेल, तर अपडेट आलं की लगेच बटण दाबू नका.

असं का? छोटं अपडेट पूर्ण सिस्टीम नाही, फक्त बदल आणतं. म्हणून आधी मूळ फाइल्स जशाच्या तशा आहेत का, हे तपासतं. अँड्रॉइड ५ (२०१४) पासून ही तपासणी कडक झाली. फरक दिसला की अपडेट थांबतं.

क्रम लक्षात ठेवा: आधी बॅकअप, मग मूळ बूट फाइल परत, मग अपडेट. पुन्हा रूट करायचं तर नव्या आवृत्तीचीच बूट फाइल घ्या. जुनी टाकली तर फोन सुरू होताना अडकू शकतो. अपडेट कायमचं टाळूही नका, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते.