४८ किलोबाइटची वेस

भाषा-मॉडेल मजकूर वाचतं तेव्हा त्यातल्या प्रत्येक तुकड्याचं बाकी सगळ्यांशी असलेलं नातं मोजतं. हेच अटेन्शन. मजकूर ४,०९६ तुकड्यांचा असेल तर एका हेडचा (अटेन्शनच्या एका समांतर शाखेचा) तक्ताच १ कोटी ६७ लाख आकड्यांचा होतो. तो जीपीयूच्या मुख्य मेमरीत लिहिण्या-वाचण्यात वेळ जातो. २०२२ मध्ये त्री दाओ आणि सहकाऱ्यांनी फ्लॅशअटेन्शन मांडलं आणि तक्ता लिहिणंच टाळलं: आकडे छोट्या टाइलमध्ये चिपवरच्या शेअर्ड मेमरीत आणायचे, हिशेब तिथेच उरकायचा. मुख्य मेमरी म्हणजे कोठीची खोली, शेअर्ड मेमरी म्हणजे ओटा. हाताशी, पण लहान.

असा कोड स्वतः लिहिताना कंपाइलची अडचण येते ती या ओट्यावर. समजा तुकड्यांपासून बनणाऱ्या क्वेरी, की आणि व्हॅल्यू या तिन्हींच्या टाइलमध्ये १२८ ओळी आहेत, हेडची रुंदी ६४, आकडा २ बाइटचा. एक टाइल १६ किलोबाइटची, तिन्ही मिळून ४८. कोड बिनतक्रार कंपाइल होतो. रुंदी १२८ केली की मागणी ९६ वर जाते आणि एन्व्हिडियाचा असेंबलर अडून बसतो: शेअर्ड डेटा फार झाला, मर्यादा ४९,१५२ बाइट. सिंटॅक्स तपासत बसणं इथे व्यर्थ आहे. त्यात खोट नसतेच.

पण एन्व्हिडियाच्या ए-१०० कार्डावर तर थ्रेडच्या एका ब्लॉकला १६३ किलोबाइट मिळतात! मग ४८ ची वेस कशाला? कोडमध्येच आकार ठरवलेल्या ॲरेंसाठी कूडाने, म्हणजे एन्व्हिडियाच्या जीपीयू-प्रोग्रॅमिंग प्रणालीने, ती वेगवेगळ्या कार्डांशी सुसंगती राहावी म्हणून कायम ठेवली आहे. ओलांडायची तर ॲरे ‘एक्स्टर्न’ करून आकार लाँचच्या वेळी द्यायचा आणि त्याआधी त्या कर्नलसाठी (जीपीयूवर चालणाऱ्या फंक्शनसाठी) जादा डायनॅमिक मेमरीची परवानगी मागायची. परवानगी राहिली तर कंपाइल होतं, पण कर्नल सुरूच होत नाही. लाँचनंतर एरर तपासला नसेल, तर बफरमध्ये आधीचं जे पडलं असेल तेच उत्तर म्हणून हाती येतं. कंपाइलच्या एररपेक्षा हे कितीतरी घातक.

शिवाय एरर गेला म्हणजे काम झालं, असं मी मानत नाही. ए-१०० च्या एका एसएमवर (ब्लॉक जिथे चालतात त्या गणन-विभागावर) शेअर्ड मेमरी एकूण १६४ किलोबाइट. ९६ वाला एकच ब्लॉक तिथे मावतो. की-व्हॅल्यूच्या ओळी ६४ केल्या तर मागणी ६४ किलोबाइटवर येते, मेमरीच्या हिशेबाने दोन ब्लॉक बसतात. एक डेटाची वाट पाहत असताना दुसरा गुणाकार करतो. टाइल लहान झाल्याने फेऱ्या मात्र वाढतात, म्हणून दोन्ही चालवून वेळ मोजावाच. आरटीएक्स ३०९० वर एका ब्लॉकला ९९ किलोबाइटच मिळतात: ९६ ची मांडणी जेमतेम बसते, आणि पुढची टाइल आधीच आणून ठेवायला दुसरा बफर जोडला की तोच कर्नल तिथे चालत नाही.