'पॉवर' : शब्द एक, अर्थ अनेक

इंग्रजीतील 'पॉवर' हा शब्द मराठी बोलण्यात इतका रुळला आहे की, त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज सहसा कुणाला भासत नाही. प्रत्यक्षात संदर्भ बदलला की त्याचा अर्थही बदलतो आणि मराठीत त्या प्रत्येक अर्थासाठी निराळा शब्द योजावा लागतो.

या शब्दाचे मूळ 'समर्थ असणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. 'पॉसिबल' हा शब्दही त्याच कुळातला. संस्कृतमधील 'शक्' या धातूपासूनही 'शक्ती' आणि 'शक्य' हे दोन्ही शब्द सिद्ध झाले, हे साम्य लक्षणीय आहे.

एखादा पक्ष 'पॉवर'मध्ये येतो, तेव्हा त्याला सत्ता मिळालेली असते. घरातील 'पॉवर' जाते, तेव्हा वीज गेलेली असते. यंत्राची 'हॉर्सपॉवर' म्हणजे अश्वशक्ती. एक अश्वशक्ती सुमारे 746 वॅट. चष्म्याच्या 'पॉवर'ला आपण नंबर म्हणतो. गणितात 'पॉवर' म्हणजे घात : 2 चा तिसरा घात 8. चक्रवाढ व्याजाची किमया याच घातात दडलेली आहे. दरसाल 8 टक्के चक्रवाढ दराने ठेव 9 वर्षांत जवळजवळ दुप्पट होते. याउलट, महागाई दरसाल 6 टक्क्यांनी वाढत राहिल्यास 12 वर्षांत त्याच रकमेची 'पर्चेसिंग पॉवर', म्हणजे क्रयशक्ती, निम्म्यावर येते.

बँकेच्या व्यवहारात सर्वांत जपून वापरावयाचा शब्दप्रयोग म्हणजे 'पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी', अर्थात मुखत्यारपत्र. येथे 'पॉवर' म्हणजे सत्ता नव्हे आणि मालकीही नव्हे. दुसऱ्याच्या वतीने, दस्तऐवजात नमूद केलेल्या मर्यादेत काम करण्याचा तो अधिकार होय. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 201 नुसार, असा अधिकार देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर तो सामान्यतः संपुष्टात येतो. वृद्ध पित्याचे खाते वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या मुलालाही पित्याच्या निधनानंतर त्या मुखत्यारपत्राच्या आधारे खात्यातून रक्कम काढता येत नाही. नामनिर्देशित व्यक्ती अथवा कायदेशीर वारस या नात्यानेच दावा करावा लागतो. केवळ सर्वसाधारण मुखत्यारपत्राने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

म्हणून मुखत्यारपत्रावर स्वाक्षरी करण्यापूर्वी कोणते अधिकार दिले जात आहेत, हे ग्राहकाने वाचून घ्यावे आणि खात्यावर नामनिर्देशन झाले आहे की नाही, याचीही खातरजमा करून घ्यावी.