बचावपटूला कोटींची किंमत : नाओमी गिर्माची वाटचाल

फुटबॉलमध्ये पैसा गोल करणाऱ्यांच्या मागे धावतो, असा आजवरचा अनुभव आहे. महिला फुटबॉलही त्याला अपवाद नव्हते. फेब्रुवारी २०२४ मध्ये झांबियाची आघाडीपटू रेचल कुंदनान्जी हिच्यासाठी अमेरिकेतील बे एफसी या क्लबने जागतिक विक्रमी रक्कम मोजली, तेव्हाही ती दहा लाख डॉलरच्या आतच होती. हा टप्पा पहिल्यांदा ओलांडला गेला २६ जानेवारी २०२५ रोजी. त्या दिवशी लंडनच्या चेल्सी क्लबने अमेरिकेची नाओमी गिर्मा हिला सॅन दिएगो वेव्ह संघाकडून आपल्याकडे घेतले. या व्यवहाराची रक्कम सुमारे ११ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने साधारण साडेनऊ कोटी रुपये असल्याचे सांगण्यात आले. तेव्हा ती २४ वर्षांची होती. विशेष म्हणजे ती बचावपटू आहे आणि त्या दिवसापर्यंत राष्ट्रीय संघासाठी तिच्या नावावर अवघे दोन गोल होते.

गोल न करणाऱ्या खेळाडूला एवढी किंमत का यावी, या प्रश्नाचे उत्तर तिच्या आजवरच्या वाटचालीत सापडते.

'पहाट' नावाचे मैदान

गिर्माचा जन्म १४ जून २००० रोजी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे झाला. तिचे आईवडील मूळचे इथिओपियाचे. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मध्ये येते, तसे इथिओपियात ते मुलाच्या नावापुढे लागते. त्यामुळे 'गिर्मा' हे आडनाव नसून तिच्या वडिलांचे नाव आहे. तेथे स्थायिक झालेल्या इथिओपियन कुटुंबांना एकत्र आणण्यासाठी वडिलांनी इतरांच्या साथीने 'मालेदा सॉकर' हा उपक्रम सुरू केला. अम्हारिक भाषेत 'मालेदा' म्हणजे पहाट. सुटीच्या दिवशी मोठ्यांच्या गप्पा आणि मुलांचा खेळ असे त्याचे स्वरूप होते. याच मैदानावर नाओमीने फुटबॉलचे पहिले धडे गिरवले.

पुढे १७ आणि २० वर्षांखालील विश्वचषक स्पर्धांत अमेरिकेकडून खेळत ती स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाली. तेथे तिने संगणकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र व तत्त्वज्ञान यांचा मेळ असलेल्या 'सिम्बॉलिक सिस्टिम्स' या विषयाचे शिक्षण घेतले. डिसेंबर २०१९ मध्ये स्टॅनफर्डने राष्ट्रीय विद्यापीठ अजिंक्यपद पटकावले. नॉर्थ कॅरोलिनाविरुद्धचा अंतिम सामना सॅन होजेतच झाला. अतिरिक्त वेळेनंतरही तो गोलशून्य बरोबरीत राहिला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये स्टॅनफर्डची गोलरक्षक केटी मेयर हिने दोन फटके अडवून विजय मिळवून दिला.

दोन आघात

त्यानंतर मात्र कसोटीचा काळ आला. २०२० मध्ये गिर्माच्या गुडघ्यातील अस्थिबंध तुटला. महिला फुटबॉलपटूंना या दुखापतीचा धोका पुरुषांपेक्षा अधिक असतो. शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांत साधारणतः नऊ महिने ते वर्षभराचा काळ जातो आणि पूर्वीचा वेग परत येईलच याची खात्री नसते. बचावपटूला तर धावणाऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर क्षणात वळावे लागते. त्याचा सारा भार गुडघ्यावरच पडतो. गिर्मा वर्षभराने मैदानात परतली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत सॅन दिएगो वेव्ह या नव्या संघाने तिला सर्वांत आधी निवडले.

व्यावसायिक कारकीर्द सुरू होत असतानाच, मार्च २०२२ मध्ये केटी मेयरने आत्महत्या केली. ती गिर्माची जवळची मैत्रीण होती. वरून हसतमुख दिसणाऱ्या खेळाडूच्या मनातील ताण सहकाऱ्यांनाही कळत नाही, ही जाणीव गिर्माने पुढे जाहीरपणे मांडली. २०२३ च्या विश्वचषकापूर्वी 'कॉमन गोल' या संस्थेच्या साथीने तिने सहकाऱ्यांसह खेळाडूंच्या मानसिक आरोग्यासाठी मोहीम उभारली. अशा विषयावर खेळाडू सहसा निवृत्तीनंतर बोलतात. गिर्मा आपल्या पहिल्याच विश्वचषकाला निघताना बोलली.

न दिसणारे काम

सॅन दिएगोच्या तत्कालीन प्रशिक्षक केसी स्टोनी या स्वतः इंग्लंडच्या माजी कर्णधार व बचावपटू. त्यांच्या मार्गदर्शनाखाली २०२२ च्या पहिल्याच हंगामात संघाने उपांत्य फेरी गाठली आणि गिर्माला सर्वोत्तम नवोदित व सर्वोत्तम बचावपटू असे दोन्ही पुरस्कार मिळाले. पुढच्या वर्षी संघ साखळी फेरीत अव्वल राहिला आणि सर्वोत्तम बचावपटूचा मान पुन्हा तिच्याकडे आला. अमेरिकी फुटबॉल महासंघाचा २०२३ चा सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कारही तिला मिळाला. हा पुरस्कार जिंकणारी ती पहिली बचावपटू ठरली.

घसरत जाऊन चेंडू हिसकावणारा बचावपटू प्रेक्षकांच्या डोळ्यांत भरतो. पण अशी झेप बहुधा शेवटचा उपाय असते. ती हुकली तर गोलरक्षक एकटा पडतो आणि चुकली तर पेनल्टी मिळते. गिर्माचा भर आधीच योग्य जागी उभे राहण्यावर असतो. प्रतिस्पर्ध्याला गोलपासून दूर, मैदानाच्या कडेकडे ढकलायचे आणि पास कुठे जाणार हे ओळखून चेंडू वाटेतच टिपायचा, ही तिची पद्धत. त्यामुळे धोका निर्माण होण्याआधीच टळतो आणि तो होता हे अनेकदा प्रेक्षकांच्या लक्षातही येत नाही.

दुसरे कौशल्य चेंडू ताब्यात आल्यानंतरचे आहे. आजचे संघ प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलजवळ घेरतात. अशा वेळी घाबरून चेंडू दूर भिरकावला तर तो पुन्हा त्यांच्याकडेच जातो. घेऱ्यातून वाट काढून मधल्या फळीला अचूक पास देणारी बचावपटू संघात असेल, तर चढाईचा आरंभच तिच्यापासून होतो. बचाव आणि चढाईची सुरुवात ही दोन्ही कामे एकच खेळाडू करत असल्याने तिचे मोल वाढते.

आकडेही हेच सांगतात. २०२३ च्या विश्वचषकात अमेरिका उपउपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून पेनल्टी शूटआऊटमध्ये बाहेर पडली. मात्र चार सामन्यांत संघावर झाला केवळ एक गोल. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहा सामन्यांत दोनच गोल स्वीकारून संघाने सुवर्णपदक जिंकले. बाद फेरीतील जपान, जर्मनी आणि ब्राझीलविरुद्धचे तिन्ही सामने १-० असे सुटले. आघाडीला एकच गोल करता आला, तरी तो पुरेसा ठरावा अशी बचावाची भिंत मागे उभी होती. राष्ट्रीय संघासाठी गिर्माचे पहिले दोन गोल त्यानंतर, ऑक्टोबर २०२४ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध झाले.

किंमत आणि तिचा भार

बाजाराची स्थितीही तिला अनुकूल होती. अमेरिकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर ठराविक मर्यादा असते. इंग्लंडमध्ये तशी आकड्याची मर्यादा नसल्याने मोठे क्लब अधिक पैसा ओतू शकतात. चेल्सीने तिच्याशी २०२९ पर्यंतचा करार केला.

एवढी रक्कम मोजली गेली की पहिल्या सामन्यापासून हिशेब मांडला जातो. गिर्माची सुरुवात मात्र दुखापतीने झाली. मार्च २०२५ मध्ये ब्रायटनविरुद्धच्या पहिल्याच लीग सामन्यात पोटरीच्या दुखण्यामुळे तिला मैदान सोडावे लागले आणि काही आठवडे बाहेर बसावे लागले. चेल्सीने तो हंगाम लीगमध्ये अपराजित राहून, देशांतर्गत तिन्ही करंडकांसह संपवला. पण त्यातील तिचा वाटा मर्यादित राहिला.

विक्रमही फार काळ टिकला नाही. जुलै २०२५ मध्ये आर्सेनलने कॅनडाची ऑलिव्हिया स्मिथ हिच्यासाठी दहा लाख पौंड मोजल्याचे वृत्त आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑरलँडो प्राइडने मेक्सिकोच्या लिझबेथ ओव्हाये हिच्यासाठी १५ लाख डॉलर दिले. ब्रिटिश पुरुष फुटबॉलने दहा लाख पौंडांचा टप्पा १९७९ मध्ये ट्रेव्हर फ्रान्सिसच्या रूपाने गाठला होता. महिलांना तेथे पोचायला ४६ वर्षे अधिक लागली.

स्मिथ आणि ओव्हाये या दोघीही आक्रमक खेळाडू आहेत. म्हणजे पैसा पुन्हा आपल्या जुन्या वाटेला लागला. तरीही महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरचा उंबरठा प्रथम ओलांडला तो एका बचावपटूने, ही नोंद कायम राहील. २०२७ चा विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार आहे. तेव्हा गिर्मा २७ वर्षांची असेल आणि बचावपटूच्या कारकिर्दीतील हा बहराचा काळ मानला जातो. विश्वविजेतेपद अद्याप तिच्या खात्यात नाही.